धबधब्याचा एक्स-रे

तीर्थरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत म्हणून तो कागदावरच घातला आहे, पण आठही अंगांनी घातला आहे असं समजावं.) तुमचे नवे दात आता नीट बसले का? मागच्या वेळी फोनवर तुमचे शब्द मला कळले नाहीत, पण तुम्ही माझी बाजू घेत नव्हता एवढं सुरावरून कळलं. यजमानांचा खोकला कसा आहे? औषधाची बाटली त्यांनी नेहमीप्रमाणे निम्म्यावर सोडली असेल, तर उरलेली निम्मी कुणासाठी ठेवली आहे ते मी विचारलंय म्हणून सांगा. मांजर बरी असेलच. तुमच्या घरात तब्येतीची काळजी घेणारी ती एकटीच.

पत्रास कारण की, रविवारी तुमचे बंधुराज तुम्हाला फोनवर जे सांगत होते ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. (कान देऊन नाही. हे फोनवर बोलतात तेव्हा कान द्यावे लागत नाहीत, वाचवावे लागतात.) त्यांनी सांगितलं की या वयात मला धबधब्यांचे फोटो काढायचं खूळ लागलंय, मी एका धबधब्याला दरडावलं, मग पाण्यात पडले, आणि घरी येऊन बाथरूममध्ये असे काही उद्योग केले की खालच्या मजल्यावरच्या बाईंचं छत गळायला लागलं. यातलं एकही वाक्य खरं नाही. छताचं खरं आहे. पण ज्या क्रमाने आणि ज्या हसण्याने ते सांगितलं गेलं, त्याने खऱ्याचंही खोटं झालं, म्हणून सगळं मुळापासून लिहिते. चष्मा लावून बसा.

मी आयुष्यभर हॉस्पिटलात एक्स-रे काढले हे तुम्हाला माहीत आहेच. (तुम्ही लग्नात पाहुण्यांना मी ‘फोटो स्टुडिओत’ आहे म्हणून सांगितलं होतं, तेही मला माहीत आहे.) आमच्या खोलीला खिडकी नव्हती. खोलीबाहेर एक लांब बाकडं होतं आणि बाकड्यासमोर एक भिंत. मी नाव पुकारायला दार उघडायचे तेव्हा बाकड्यावरची सगळी माणसं त्या भिंतीकडे टक लावून बसलेली असायची, जणू आपल्या आत काय निघणार आहे ते आधी तिथेच उमटणार आहे. आणि भिंतीवर काय? काही नाही. ओल आलेला एक डाग, एवढंच. मी एकामागून एक आलेल्या व्यवस्थापकांना सांगून पाहिलं की बाबांनो, इथे काहीतरी लावा. शेवटी एकाला दया आली आणि त्याने आग लागल्यास काय करावे याची पाटी लावली. म्हणजे माणूस छातीत काय निघेल म्हणून आधीच अर्धमेला, त्यात वर आगीची आठवण.

तर आता नवे व्यवस्थापक आलेत, त्यांनी ती भिंत रंगवून घेतलीय आणि आमच्या फोटोग्राफी क्लबाला कळवलंय की पाण्याचा एक मोठा फोटो हवा, क्लबाने निवडून पाठवावा. वन्सं, त्या भिंतीवर माझा फोटो लागला पाहिजे. बक्षीस नको, टाळ्या नकोत, खाली नाव नसलं तरी चालेल. (नाव असलं तर बारीक अक्षरात नको.) पण त्या बाकड्यावरच्या माणसांसमोर काय ठेवायचं हे त्या बाकड्याकडे पाठ करून आयुष्य काढलेल्या कुणी ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

क्लबाची माहिती देते, म्हणजे तुम्हाला माझ्या अडचणी कळतील. शिकवणारे मास्तर माझ्या मुलाहून लहान आहेत. अंगात बिनबाह्यांचं जाकीट, त्याला असंख्य खिसे, आणि हवी ती वस्तू कधीही पहिल्या पाच खिशांत नसते. आम्ही त्यांना खिसेमास्तर म्हणतो. (मी म्हणते, बाकीचे हसतात, म्हणजे तेही म्हणतात.) दुसरे एक दाताचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे देवाने निर्माण केलेली आणि न केलेली सगळी भिंगं आहेत. ते कॅमेऱ्यापुढे काळी काच लावतात, म्हणजे आत उजेड फार थोडा शिरतो, आणि मग बराच वेळ कॅमेरा उघडा ठेवून बसतात. तेवढ्या वेळात जेवढं पाणी खाली आलं तेवढं सगळं एकावर एक उमटतं आणि धबधब्याचं उतू गेलेलं दूध होतं. क्लबातले सगळे त्यावर ‘अहाहा’ करतात. मला विचाराल तर त्यांच्या धबधब्याला भूल दिलेली असते. दातावरून सवय, दुसरं काय. आणि भिंतीसाठी त्यांचंच दूध जाणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

मी पहिल्यांदा धबधब्यावर गेले ती तुमच्या बंधुराजांना घेऊन, कारण ट्रायपॉड उचलायला कुणीतरी लागतं. ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे ट्रायपॉडच असणार. एक पाय लांब होतो तेव्हा दुसरा आपोआप आखडतो, तिसरा तुमच्या पायावर उभा राहतो. तो कसाबसा उभा केला, कॅमेरा चढवला, धबधबा बरोबर मधोमध घेतला, वरची कड, खालची कड, दोन्ही बाजू, कुठेही काही कापलं जात नाही ना ते पाहिलं, आणि बटण दाबताना इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून खणखणीत निघून गेलं, “श्वास आत घ्या... रोखून धरा... हलू नका!” यालाच हे दरडावणं म्हणतात. धबधब्याने अर्थातच ऐकलं नाही. पण काठावर एक सहल आली होती, ती अख्खी सहल छाती फुगवून ताठ उभी राहिली. ‘सोडा’ म्हणायचं मी विसरले. एक गृहस्थ पार लालबुंद झाले तेव्हा यांनी त्यांना जाऊन सांगितलं की तुम्हाला नाही, पाण्याला सांगितलंय. त्यानंतर ती सहल आमच्यापासून लांब बसली.

पडण्याविषयी. मी पडले नाही, बसले. जिथे बसले तिथे पाणी होतं, हा माझा दोष नाही. शिवाय मला हात द्यायला म्हणून हे आले आणि तेही बसले. माझ्या शेजारी, त्याच पाण्यात. हा भाग फोनवर आला नाही असं मला वाटतं.

तो फोटो मी क्लबात दाखवला. खरं सांगते, मला वाटत होतं की आता सगळे गप्प होतील. झालेही. खिसेमास्तरांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं की हा ‘उ’ कसला. मी म्हटलं, उजवी बाजू. (हो, घातला होता. आमच्याकडे बाजूची खूण नसलेली फिल्म कुणी हातात घेत नाही. एखाद्याने उलटी टांगली तर पाणी भलत्या बाजूने वाहायला लागेल.) दाताचे डॉक्टर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. मास्तर फार हळू आवाजात म्हणाले, “मावशी, रागावू नका. यात सगळं दिसतंय. काहीच सुटलेलं नाही. पण हा धबधब्याचा फोटो नाही, एक्स-रे आहे.”

वन्सं, मी रागावले. ‘मावशी’वरून रागावले, खोकल्यावरून रागावले, आणि रस्ताभर यांच्यावर रागावले कारण हे शेजारी होते. मधोमध घेऊ नका म्हणे! कॉन्व्हेंटात आम्हाला चित्रकला शिकवणाऱ्या सिस्टर फळांची परडी टेबलाच्या मध्यावर पट्टीने मोजून ठेवायच्या आणि जिची परडी कागदावर इकडे-तिकडे सरकली तिला जेवणाच्या सुट्टीत उभं करायच्या. शाळेत मधोमध, नोकरीत मधोमध, आणि आता हा खिसेवाला मला सांगणार की चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करा आणि मुख्य वस्तू कडेच्या रेषेवर ढकला. पण घरी येऊन, चहा घेऊन, राग जरा निवल्यावर (हे फक्त तुम्हालाच सांगते) मी तो फोटो पुन्हा काढून बघितला, आणि मला उत्सुकता वाटायला लागली. कारण त्यात खरंच सगळं होतं, आणि बघत बसावंसं काहीच नव्हतं. असं कसं होतं?

मग मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. पहिली उजेडाची. माझ्या फोटोत पाणी म्हणजे नुसता कोरा कागद झाला होता, आत एक रेष नाही. कॅमेऱ्याचं असं असतं वन्सं, की त्याला सगळं जग मध्यम राखाडी करायची खोड आहे. समोर काळाकभिन्न कडा दिसला की त्याला कड्याची दया येते, तो उजेड वाढवतो, आणि आधीच पांढरं असलेलं पाणी जळून जातं. एकाच फिल्मवर पोट आणि पंजा घेण्यासारखं आहे ते. पोट दिसेल एवढा मारा केला की बोटं गेली. हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. तेव्हा इलाज असा, की कॅमेऱ्याला म्हणायचं, तुझं राहू दे, उजेड थोडा कमीच घे, कडा काळा आहे तो काळाच बरा. आणि उन्हात जायचं नाही. आकाश दुधी काचेसारखं झाकलेलं असेल त्या दिवशी जायचं. आयुष्यभर ऊन पडलं की फिरायला निघालो आपण. आता सकाळी उठून ऊन दिसलं की माझा जीव खट्टू होतो.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि छत त्यातच गळलं. मला कळायला हवं होतं की डॉक्टरांचं दूध खोटं आणि माझं पाणी खरं, की माझंही खोटंच? म्हणून यांना बाथरूममध्ये स्टुलावर उभं केलं आणि बादलीत वरून तांब्याने पाणी ओतायला लावलं, सारख्या धारेने, न बोलता. (न बोलता ओतणं यांना जमेना. धार आणि बोलणं यांचा उगम एकच असावा.) मी कॅमेऱ्याचा वेग बदलत फोटो काढत गेले. अगदी झटक्यात उघडून मिटला की पाण्याचे मणी होतात, फुटलेल्या काचेसारखे, हवेत लटकलेले. असं पाणी मी जन्मात पाहिलेलं नाही. बराच वेळ उघडा ठेवला की कापूस. तसंही पाहिलेलं नाही. मधे कुठेतरी, पापणी सावकाश लवते तेवढ्या वेळात, धागे होतात, आणि त्यांच्याकडे पाहून वाटतं की हो, हे पडतंय. मग मी कॅमेरा ठेवला आणि नुसत्या डोळ्यांनी बघत बसले. आणि काय सांगू! एका थेंबावर नजर ठेवून ती त्याच्याबरोबर खाली आणली तर तो थेंब मण्यासारखा दिसतो. नजर एका जागी रोखली तर धागा. म्हणजे डोळ्यालाही हवं तसं बघता येतं, आणि मी एवढं आयुष्य काढलं तरी मला हे ठाऊक नव्हतं. मी यांना म्हटलं, पुन्हा ओता. पुन्हा ओता. अहो, ओता ना! तेवढ्यात खालच्या बाई दार ठोठावत वर आल्या. त्यांना मी थेंबाचं सांगायला गेले, पण त्यांना त्यांच्याकडचे थेंब दाखवायचे होते.

मग ढगाळ दिवस पाहून पुन्हा गेलो. या वेळी धबधबा मी एका बाजूला सारला, पुढ्यात एक ओला दगड घेतला, खालचा ओढा तिरका येऊ दिला, म्हणजे नजर दगडावरून पाण्यावर आणि पाण्यावरून वर चढते असं मास्तर म्हणतात. पानांवरची ओली चमक घालवायला कॅमेऱ्यालाही गॉगल मिळतो, तो लावला. तुषार भिंगावर येतात म्हणून हे छत्री धरून उभे होते आणि मी पुसायला रुमाल मागितला की छत्रीच पुढे करत होते. बरेच फोटो काढले. ओरडले नाही. तोंडात लवंग धरून ठेवली होती.

त्यातला सगळ्यांत चांगला निघाला तो एक. पाणी धाग्यांचं, कडा काळा, उजेड कुठेही जळलेला नाही, दगड जागच्या जागी. आणि खाली डाव्या कोपऱ्यात तुमचे बंधुराज. पाठमोरे. माझ्याकडून भिंगाचं झाकण पडलं होतं ते उचलायला गेले होते, आणि नेमके पूर्ण वाकलेले असताना आले. तोंड दिसत नाही, डोकं दिसत नाही. जे दिसतं ते भरपूर दिसतं. आणि त्यावर, हे पहिल्यांदा बसले होते तिथल्याच ओल्या दगडावर टेकल्यामुळे, ओला गोल डाग. म्हटलं जाऊ दे, तेवढा कोपरा कापून टाकू.

पण कापायच्या आधी मला एक गोष्ट बघायची होती. क्लबातल्या लोकांना काय आवडतं ते सोडा. बाकड्यावरच्या माणसाला काय होतं? म्हणून मी फोटो मोठे छापून घेतले आणि हॉस्पिटलात गेले. माझ्या जागी आलेली मुलगी चांगली आहे (मीच शिकवलीय), तिने त्या कोऱ्या भिंतीवर एकेक करून चिकटवू दिले. मी बाकड्याच्या टोकाला पर्स मांडीवर घेऊन पेशंटसारखी बसले. आधी लावलं डॉक्टरांचं दूध. (त्यांनी त्याची कॅलेंडरं केलीत, फुकट वाटतात, त्यातलंच एक.) खोटं कशाला बोलू, फोटो सुंदर आहे. लोकांनी बघितलं, एक बाई ‘छान’ म्हणाल्या, आणि सगळे आपापल्या भीतीकडे परत गेले. मग माझे काचेचे मणी लावले (धबधब्यावर झटक्यात घेतलेला फोटो). मनगटाला फडकं गुंडाळलेल्या एक बाई होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. म्हणाल्या, अंगावर येतंय. मग तिसरा लावला, न कापलेला.

सगळे आधी पाण्याकडे, मग कोपऱ्याकडे बघायला लागले. मग पाठ धरून बसलेला एक बसचा ड्रायव्हर होता, तो पुढे वाकून म्हणाला, “हे काय शोधतायत हो?” त्यावर फडकंवाल्या बाई म्हणाल्या, चष्मा. एवढ्या पाण्यात चष्मा नाही तर काय पडणार! पलीकडच्या आजोबांनी सांगितलं की छे, तोंड धुतोय. ड्रायव्हर म्हणाला, तोंड धुणारा माणूस असा वाकत नाही, ही पाठ धरलेली आहे, मला विचारा. मग एकीने अंगठी सुचवली, आणि अंगठीवरून त्याची बायको काय म्हणेल इथवर गोष्ट गेली. ती कुठे आहे? फोटोत का नाही? तिनेच फोटो काढला असणार. मग तिने मदत करायची सोडून फोटो काय काढला? बाई कसली आहे ती! (मी पर्समध्ये काहीतरी शोधलं.) मुलीने दारातून फडकंवाल्या बाईंचं नाव पुकारलं. त्यांना ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा त्या चिडून म्हणाल्या, “थांबा हो जरा!”

वन्सं, मी त्या दारात उभं राहून कितीतरी नावं पुकारली. पहिल्या हाकेला माणूस उडी मारून उठायचा, हातातलं खाली पाडायचा. ‘थांबा जरा’ असं मला कुणी कधीही म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते. नुसतं पाणी कितीही चांगलं काढलं तरी माणूस ते बघतो आणि संपवतो. पण त्यात एक माणूस काहीतरी करत असला, आणि काय करतोय ते कळत नसलं, की बघणारा आत शिरतो आणि तिथेच राहतो. मास्तरांनी याला ‘नजरेला थांबा द्या’ म्हटलं होतं. थांबा म्हणून ते दगड घ्या, झाड घ्या म्हणाले होते. तुमच्या बंधुराजांच्या त्या भागाचं त्यांनाही सुचलं नव्हतं.

आणि इथेच सगळं अडलंय. संध्याकाळी यांनी टेबलावरचा फोटो पाहिला. आधी ‘वा’ म्हणाले. मग कोपऱ्यात पाहिलं. मग चष्मा लावून पाहिलं. मग जे बोलले ते मी तुम्हाला लिहीत नाही, तुम्ही त्यांना लहानपणी बोलायला शिकवलंत आणि तुम्हाला वाईट वाटेल. सारांश असा, की ज्या माणसाने इतकी वर्षं कचेरीत टाय लावून काढली त्याची आठवण गावाला अशी राहता कामा नये. मी म्हटलं, कुणीही ओळखणार नाही. तर म्हणाले, मी तर ओळखीन ना! आता जेवताना भाताशी बोलतात, माझ्याशी नाही.

असो. मोठ्यांना नमस्कार सांगावा. लहान असं आपल्या दोन्ही घरांत कुणी उरलेलं नाही, तेव्हा आशीर्वाद मांजरीला द्यावा.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र मुद्दाम तुमच्या दातांची चौकशी करायला लिहिलं होतं, पण आता कागद उरलाच आहे तर एक सांगते. तुमचे बंधुराज जगात तुमचंच काय ते ऐकतात. या आठवड्यात निवड आहे आणि यांची परवानगी नसताना फोटो देणं मला प्रशस्त वाटत नाही. तर तुम्ही फोन करून, अगदी आपल्याच मनात आल्यासारखं, म्हणावं की पाठमोरा माणूस फोटोत फार भारदस्त दिसतो. मी लिहिलंय म्हणून सांगू नका. ‘वाकलेला’ हा शब्द टाळा.

आणखी एक ता. क. वरचा फोन करू नका. हे रुसलेले असल्यामुळे पत्र टाकायला कुणी नेलंच नाही, ते बरंच झालं. फोटो मी देऊन आले. (प्रशस्त वाटत नव्हतं, पण मुदत संपत होती.) मास्तरांनी तो बघितला, खिशातून भिंग काढायचं म्हणून सात खिसे शोधले, आणि माझ्याशी हात मिळवला. क्लबाने तोच निवडला! दाताच्या डॉक्टरांनीही हात वर केला, तेव्हा त्यांच्याविषयी वर लिहिलेलं निम्मं खोडलेलं समजावं. पण आज व्यवस्थापकांचा फोन आला की फोटो पसंत आहे, फक्त कोपऱ्यातला तो माणूस तेवढा कापून घेतो. मी म्हटलं, माणूस राहणार असेल तर पाणी मिळेल, नाहीतर तुमची भिंत तुम्हाला लखलाभ. फोन ठेवून वळले तर हे मागे उभे. चेहरा काळवंडलेला. म्हणाले, “मला कापणार? कोण तो?” वन्सं, मी यांना इतकं संतापलेलं आमच्या लग्नातल्या बँडवाल्यानंतर पाहिलं नव्हतं. इस्त्रीची पँट घातली, टाय लावला, आणि गेलेत हॉस्पिटलात. मी पाठोपाठ निघतेय.

शेवटचा ता. क. हे हॉस्पिटलातल्या बाकड्यावरून लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. फोटो पूर्ण लागणार, कोपऱ्यासकट. झालं असं, की व्यवस्थापकांनी यांना विचारलं की हे गृहस्थ नक्की करतायत तरी काय, म्हणून यांनी तिथल्या तिथे, टायसकट, वाकून दाखवलं. व्यवस्थापकांना पटलं. पण हे वर आले नाहीत. चौघांनी तशाच अवस्थेत माझ्या जुन्या खोलीपर्यंत आणलं. त्या मुलीने एक्स-रे काढला. मी काचेपलीकडून दोन खुणा केल्या, तेवढ्या तिने ऐकल्या. हाड शाबूत आहे, स्नायू धरलाय, आठवडाभर पडून राहायचं. आत्ता बाकड्यावर कुशीवर झोपलेत आणि भिंतीला टेकवून ठेवलेला फोटो बघतायत. मघापासून चौथ्यांदा सांगून झालंय की मी त्यांना जरा उजवीकडे घ्यायला हवं होतं, डाग कमी दिसला असता.

तर आता खरं काम. बाकड्याच्या मागची भिंतसुद्धा कोरीच आहे, आणि मी व्यवस्थापकांना शब्द देऊन बसलेय. रविवारी आभाळ येणार असं सांगतायत. यांच्याजवळ बसायला तुम्ही आलंच पाहिजे, भावाचं दुखणं आहे. येताना यजमानांनाही घेऊन या. खोकला चालेल, फोटोत ऐकू येत नाही. त्यांना अजून नीट खाली वाकता येतं ना, तेवढं मात्र फोन करून कळवा.